टायगर पलंगाखाली आहे

कोल्हापुरात कुत्र्याचं नाव ठेवताना कुणी हात आखडता घेत नाही. टायगर, शेरू, राजा, सुलतान, डॉन. प्राणी पामेरियन असला आणि त्याचं वजन वाण्याच्या तराजूत सहज मावणारं असलं, तरी नाव टायगरच. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी, गळ्यात पितळी ठोकळ्यांचा पट्टा, आणि संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला काढला की मालकाची छाती कुत्र्याच्या दोन इंच पुढं. हा थाट बरेच दिवस टिकतो. मग वसुबारस येते, गल्लीच्या तोंडाशी कुणाचं तरी पोरगं पहिला सुतळी बॉम्ब लावतं, आणि टायगर पलंगाखाली जातो.

“काय भावा, टायगर दिसंना तुझा?” शेजारी कट्ट्यावरून विचारतो.

“आत हाय. जरा पोट बिघडलंय त्याचं.”

पोट बिघडलेलं नसतं. पण ज्या गावात लाल मातीचा मान देवळाच्या खालोखाल, जिथं शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचं मैदान बांधलं, तिथं ‘आमचा टायगर घाबरला’ हे वाक्य घराण्याला शोभत नाही. म्हणून दिवाळीच्या चार दिवसांत पेठापेठांतल्या कुत्र्यांना अचानक पोटाचे विकार होतात. कुणाचा शेरू ‘गावाकडं ठेवलाय’, कुणाचा सुलतान ‘झोपलाय, रातभर राखण केली की त्यानं’.

वाकून पलंगाखाली बघितलं तर राखणदार कोपऱ्यात सापडतो. जुनी ट्रंक आणि गव्हाचा डबा यांच्यामधल्या फटीत, तोंड भिंतीकडं करून. शेपूट पोटाला चिकटलेली. खांद्यापासून मांडीपर्यंत कातडीवरून एकेक थरकाप सरकत जातो. दिवाळीच्या गारव्यात तो वैशाखातल्यासारखा धापा टाकत असतो आणि जिभेवरून फरशीवर लाळेची धार लागलेली असते. मधूनच तो मोठी जांभई देतो. घरचे म्हणतात, “बघा, झोप यायला लागली.” ती झोपेची नसते. ताण आला की कुत्री जांभया देतात, ओठ चाटतात, कान मागं पाडतात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल इतकी नजर वळवतात. पुढ्यात बिस्कीट ठेवलं तर ते त्याला दिसतही नाही. आणि हा तोच प्राणी, ज्याला तीन खोल्यांपलीकडं बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज झोपेत ऐकू येतो.

खरं तर त्या कानांचाच घोटाळा आहे. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंतचा. शिवाय आवाज कुठून आला हे शोधायला दोन्ही कान वेगवेगळे फिरवायची सोय. आता कायद्याचं गणित घ्या. रहिवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. फटाक्याला मात्र फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत मुभा. डेसिबलची बेरीज किराणा दुकानातल्यासारखी होत नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट वाढते. म्हणजे कायद्याला मान्य असलेला फटाका हा कायद्यालाच मान्य असलेल्या दिवसाच्या गोंगाटापेक्षा एक कोटी पट तीव्र. माणसाला निदान कारण तरी माहीत असतं: नरकासुर मेला, लक्ष्मी आली, पलीकडच्या पाटलांच्या पोरानं शोरूममधून गाडी आणली. कुत्र्याला घरात टांगलेलं कालनिर्णय वाचता येत नाही. त्याच्या लेखी काल आभाळ ठीक होतं आणि आज ते फुटतंय.

ही काही कोल्हापुरी कुत्र्यांची कमजोरी नव्हे, हे टायगरच्या मालकांनी मनावर कोरून घ्यावं. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये फिनलंडमधल्या सुमारे १३,७०० पाळीव कुत्र्यांची माहिती प्रसिद्ध केली. चिंतेच्या आणि भीतीच्या जितक्या तऱ्हा त्यांनी तपासल्या, त्यांत आवाजाची भीती पहिल्या नंबरावर, ३२ टक्के कुत्र्यांत. फिनलंड म्हणजे निम्म्या देशात झाडं आणि बाकीच्यात तळी. ना तालीम मंडळ, ना डॉल्बी. तिथं दर तीन कुत्र्यांमागं एक घाबरतो, तर शिवाजी पेठेतल्या टायगरनं पोटाचं कारण का सांगावं?

त्यातून परदेशी कुत्र्यांचं वेळापत्रक सोपं असतं. इंग्लंडात ५ नोव्हेंबरची गाय फॉक्सची रात्र, अमेरिकेत ४ जुलै, आणि सगळीकडं ३१ डिसेंबर. एवढं काढलं की वर्ष मोकळं. कोल्हापूरच्या कुत्र्याला असं मोकळं वर्ष कुणी दिलेलं नाही. गणपतीच्या आधीच आगमनाच्या मिरवणुका सुरू होतात. अनंत चतुर्दशीला खासबागेतून तुकाराम माळी तालमीचा मानाचा गणपती हलतो आणि मग महाद्वार रोडवरून, पापाच्या तिकटीवरून जे सुरू होतं ते दुसरा दिवस उजाडला तरी चालूच. डॉल्बीचा ठोका कानाला नंतर आणि छातीला आधी लागतो. चार पायांवर उभ्या असलेल्याला तो जमिनीतूनही पोचतो. पंधरा दिवस पितरांचे, तेवढी जरा विश्रांती. मग घटस्थापनेला अंबाबाईच्या देवळात तोफेची सलामी. दसरा चौकात सोनं लुटताना बंदुकीच्या फैरी. दिवाळी. तुळशीचं लग्न, आणि तुळस एकदा उजवली की माणसांची लग्नं, म्हणजे वराती. ३१ डिसेंबर. शिवजयंती दोनदा, एकदा १९ फेब्रुवारीला आणि एकदा वैशाख शुद्ध द्वितीयेला, कारण आदराच्या बाबतीत तारीख आणि तिथी यांपैकी एकालाही नाराज करणं कोल्हापूरला जमत नाही. मध्येच शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम, पाटाकडील विरुद्ध दिलबहार वगैरे. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिना विश्वचषक जिंकली ती कतारमध्ये, पण मेस्सीचे कटआउट उभे होते ते इथल्या चौकांत. क्रिकेटमध्ये भारत जिंकला की सगळं गाव छत्रपती शिवाजी चौकात. निवडणूक असली की गुलाल आणि दहा हजारांची माळ. आणि सायलेन्सर बदललेली बुलेट, तिला तर तिथीही लागत नाही.

तेव्हा ‘सणासुदीत कुत्र्याला शांत कसं ठेवायचं’ हा प्रश्न इथं चार दिवसांचा नसून पंचांगभर पसरलेला आहे. घरोघरी तो सोडवला जातो मात्र ऐन वेळी, आणि सगळ्यांनी मिळून.

पहिला मान आज्जीचा. तिचं निदान पक्कं असतं: धसका घेतलाय, दृष्ट लागलीय. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन ती पलंगाभोवती ओवाळते आणि तव्यावर टाकते. घर खोकायला लागतं. आतापर्यंत फक्त कानानं हैराण असलेला टायगर आता नाकानंही हैराण होतो, आणि त्याचं नाक कानापेक्षाही तिखट असतं.

दुसरा उपाय वडिलांचा. कोल्हापूर भागातल्या त्या पिढीला पोहायला शिकवलं ते विहिरीत ढकलून. वर आलात तर पोहणारे, असा साधा अभ्यासक्रम. तीच पद्धत ते कुत्र्याला लावतात. “भीती एकदा मोडली पायजे त्याची,” म्हणत साखळीला धरून त्याला गल्लीत ओढत नेतात आणि माळ लावायच्या जागेपासून दहा पावलांवर बसवतात. भीती मोडत नाही. साखळी मोडते, किंवा पट्ट्यातून मान निसटते, आणि मग रात्री अकरा वाजता सगळं खानदान मोटारसायकली घेऊन फुलेवाडीपर्यंत “टायगर, टायगर” करत फिरतं.

असल्या धक्क्याचं काय होतं, हे पाव्हलॉवच्या प्रयोगशाळेत योगायोगानंच दिसलं होतं. घंटा आणि लाळ यांच्यामुळं जगाला माहीत झालेला हा रशियन शास्त्रज्ञ. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि त्याच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. नाक तेवढं छताशी उरलं असताना माणसांनी येऊन कुत्री बाहेर काढली. जीव वाचले, पण काही कुत्री महिनोन्‌महिने शिकवलेलं सगळं विसरली. त्यांतला एक बरा झाल्यासारखा वाटला, तर पुढं कधीतरी दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडल्यावर तो पुन्हा कोलमडला. दरवर्षी पंचगंगेची पातळी बघत जगणाऱ्या गावाला ही गोष्ट कळायला जड जाऊ नये. २०१९ चा पूर ज्यानं पाहिला तो आजही राजाराम बंधाऱ्याचे फूट-इंच विचारतो. कुत्र्याचंही तसंच. एका दिवाळीत सुतळी बॉम्बला घाबरलेला पुढं आपटबाराला घाबरतो, मग दार आपटल्याला, आणि शेवटी कुकरच्या शिट्टीला.

तिसरा उपाय काकांचा, आणि तो नेहमी द्रवरूप असतो. “चमचाभर ब्रँडी पाज, गप पडतंय.” दारू कुत्र्याला विष आहे, थोडीसुद्धा. कुणी आत्याची झोपेची अर्धी गोळी सुचवतं, तेही तसंच. माणसाचं औषध डॉक्टरला न विचारता कुत्र्याला देऊ नये. साध्या तापाची पॅरासिटामॉलही त्याला बाधू शकते. पूर्वी सर्रास दिलं जायचं त्या एसप्रोमाझीनची कथा तर अधिक वाईट. त्यानं अंग ढिलं पडतं, पळता येत नाही, घरच्यांना वाटतं शांत झाला. आत भीती होती तेवढीच. नुसतं हातपाय बांधून ठेवलेलं भय.

आणि या सगळ्या उपायांवर देखरेख करायला घरात एक शहाणा असतोच, ज्यानं कुठंतरी ऐकलेलं असतं, की घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नका, लाडानं भीती वाढते. असला नियम चुकीचा तर आहेच, वर निर्दयही. बिस्कीट मिळावं म्हणून कुत्रा हात देतो, तसा तो मुद्दाम थरथरत नाही. भीती ही काही त्यानं शिकलेली करामत नाही, की शाबासकी दिली म्हणून पुन्हा करून दाखवावी. त्याला जवळ यायचं असेल तर येऊ द्यावं, पाठीवर हात ठेवावा, सावकाश. पलंगाखालीच राहायचं असेल तर राहू द्यावं. फक्त तिथून ओढून काढू नये आणि घराण्याच्या इज्जतीवर भाषण देऊ नये.

नरक चतुर्दशीच्या पहाटे या नाट्याचा दुसरा अंक न्हाणीघरात होतो. घरातली सगळ्यात बंद, बिनखिडकीची, जाड भिंतींची खोली तीच, हे कुत्र्याला वास्तुशास्त्र न वाचता कळतं. साडेचारला पहिली माळ वाजते. रात्री दहा ते पहाटे सहा फटाक्यांना बंदी आहे, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा अशी दोनच तासांची वेळ ठरवून दिली. पण नरकासुराचा वध सूर्योदयापूर्वीच झाला होता, त्याला गल्ली काय करणार! पाचला अभ्यंगस्नानासाठी आजोबा तेल लावून, टॉवेल गुंडाळून उभे, उटणं वाटीत भिजलेलं, कारीट दाराशी तयार, आणि न्हाणीघरात बंबामागं मोती बसलेला. साबणाची वडी नव्हे, प्रत्यक्ष कुत्रा. “मोती आत हाय का?” “दोन्ही हायत.” आजोबा पाच मिनिटं थांबतात, मग तसेच आत जातात, आणि पुढची अंघोळ दोघांची मिळून होते. एकाला उटणं आवडत नाही, दुसऱ्याला अंगावर झटकलेलं पाणी.

नेमक्या याच दिवशी नेपाळात कुकुर तिहार असतो. तिहार म्हणजे त्यांची दिवाळी, आणि तिचा दुसरा दिवस कुत्र्यांचा. पाळीव असो की रस्त्यावरचा, त्याच्या कपाळाला टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, गोडधोड खायला घालतात. पंचांग एक, तिथी एक. काठमांडूचा कुत्रा त्या सकाळी हार घालून अंगणात बसतो आणि कोल्हापूरचा बंबामागं.

मात्र जनावराला आवाजाची सवय लावायची कशी, हे कोल्हापूरला ठाऊक नाही असं म्हणायला जागा नाही. उलट या विषयातले उस्ताद इथंच आहेत. दोन दिवस थांबायचं, पाडवा येऊ द्यायचा. त्या दिवशी गवळी आपल्या म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. सागरमाळ, कसबा बावडा, पंचगंगा घाट, जिकडं तिकडं म्हशी. अंग घासूनपुसून काळंभोर केलेलं, शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात घुंगरांचे पट्टे, पायांत चाळ. माणसांची ही गर्दी, हलगीचा कडकडाट. आणि मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर बसून ती फटफटवतो, सुसाट सुटतो, आणि मागून म्हैस धावते. त्या आवाजापासून लांब नव्हे, त्या आवाजाच्या दिशेनं! शेकडो माणसांच्या गोंगाटात तिला आपल्या मालकाची गाडी ओळखू येते. काही म्हशी तर मालकाच्या इशाऱ्यावर पुढचे दोन पाय उचलून उभ्या राहतात. हे सगळं म्हशीला मनापासून आवडतं की नाही, हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नाही. तो विचारावा, असं म्हणणारेही आहेत. पण ज्या आवाजानं टायगर ट्रंकेमागं जातो, त्याच आवाजामागं एक जनावर स्वखुशीनं पळतंय हे तर डोळ्यांना दिसतं. पाडव्याच्या आदल्या रात्री बसून हे कुणी शिकवलेलं नसतं. लहानपणापासून मालकाचा हात, मालकाची हाक, वैरण आणि गाडीचा फटफटाट हे इतक्या वेळा एकत्र आलेले असतात, की फटफटाट म्हणजे आपला माणूस आला एवढाच अर्थ तिच्या डोक्यात उरतो.

याच्याही आधीचे उस्ताद चित्तेवाले. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते आफ्रिकेतून मागवले जात. चित्ता हा प्राणी मुळात बुजरा. भारतातल्या चित्तेवाल्यांची पद्धत जॉन लॉकवुड किपलिंगनं १८९१ च्या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणारे गृहस्थ, आणि लेखक किपलिंगचे वडील. चित्त्याला माणसाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून बायका-पोरांना रोज तासन्‌तास त्याच्याजवळ बसून नुसत्या गप्पा मारायला सांगत. चित्ता आणि त्याचा राखणदार शेजारी शेजारी झोपत, थंडीत एकाच पांघरुणात. गप्पा मारायला पगार मिळण्याची सोय संस्थानांबरोबर बुडाली, हे मोठं नुकसान म्हणायला हवं.

गवळ्याचं आणि चित्तेवाल्याचं हेच शास्त्र आता कुत्र्यांचे डॉक्टर सांगतात. फटाक्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर घ्यायचं आणि इतकं बारीक लावायचं, की कुत्र्यानं कानसुद्धा टवकारू नयेत. ‘धम्‌’ झालं की लगेच कोंबडीचा उकडलेला तुकडा. आधी आवाज, मग तुकडा, हा क्रम मोडायचा नाही. दिवसातून पाच-दहा मिनिटं, मग बंद. चार दिवस सुखानं गेले की आवाज किंचित वाढवायचा. कान मागं पडले, जांभई आली, तुकडा नाकारला, तर आपण घाई केली असं समजून आवाज उतरवायचा. याला आठवडे लागतात, कधी महिने. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरात ना दारूचा वास, ना छातीत बसणारा दणका, त्यामुळं खरी दिवाळी आली की गुण थोडा कमीच पडतो. पण तालमीतला वस्तादही पोराला पहिल्या दिवशी हिंदकेसरीसमोर उभा करत नाहीच.

ज्यांची तालीम राहून गेली त्यांच्यासाठी स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातून बरी बातमी आहे. स्टेफनी रीमर या संशोधिकेनं हजाराहून अधिक मालकांना विचारलं, फटाक्यांच्या वेळी तुम्ही काय करता आणि कशानं फरक पडतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत सगळ्यात वरच्या क्रमांकावर होती ती अगदी साधी गोष्ट: ऐन फटाक्यांतच, प्रत्येक आवाजानंतर लगेच खाऊ द्यायचा किंवा खेळायला घ्यायचं. तसं करणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मालकांनी फरक पडल्याचं सांगितलं. अर्थात कुत्रा खाण्याच्या मनःस्थितीत असेपर्यंतच हे चालतं. एकदा तो ट्रंकेमागं गेला की पेढाही उपयोगाचा नाही. म्हणजे खिशात तुकडे घेऊन संध्याकाळी सहालाच बसायला हवं. लक्ष्मीपूजन आणि हे, दोन्हींचा मुहूर्त एकच पडतो, हे खरं.

बाकीची तयारी किरकोळ. उजेड असताना लांब फिरवून आणायचं. पट्टा घट्ट आणि त्यावर मालकाचा फोन नंबर. मधली खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा आणि टीव्ही चालू. टीव्हीवर काय, यावर घरात मतभेद होतील. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडच्या प्राणिरक्षण संस्थेनं २०१७ मध्ये निवाऱ्यातल्या कुत्र्यांना तऱ्हेतऱ्हेचं संगीत ऐकवलं, तेव्हा त्यांना रेगे आणि हळुवार रॉक जास्त मानवलेलं दिसलं. कोल्हापूरच्या घरात रेगे निघणं कठीण. भावगीतं लावून बघायला हरकत नाही. हलगी तेवढी टाळावी.

भीती फारच असेल तर औषधं आहेत, आणि ती चांगली आहेत. डेक्समेडेटोमिडीनची एक जेल हिरडी आणि गाल यांच्यामध्ये लावतात. आवाजाच्या भीतीवरचं कुत्र्यांचं औषध म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिला मान्यता दिली आहे. दुसऱ्याही गोळ्या आहेत. कोणती, किती, ते जनावरांच्या डॉक्टरनं कुत्रा बघून ठरवायचं, आणि शक्यतो एखादी मात्रा आधी देऊन बघायची. पण डॉक्टरकडं लोक जातात कधी? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साडेपाचला फोन करतात. डॉक्टर स्वतःच्या घरी पाटावर बसलेला असतो आणि त्याचाही कुत्रा पलंगाखाली असतो.

त्यात फराळाचं संकट निराळं. भेदरलेल्याला बरं वाटावं म्हणून प्रत्येक पाहुणा टायगरला काहीतरी भरवतो. चकलीनं फार तर पोट बिघडेल (आणि मालकाची थाप निदान खरी ठरेल). पण लाडवातला बेदाणा ही गंमत नाही. द्राक्ष, मनुका, बेदाणा, सगळं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. शेजारचं तासगाव माणसांसाठी कितीही उत्तम बेदाणा पिकवो. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून लवकर निघत नाही, ते हृदयावर जातं. आणि भाऊबीजेच्या तांबड्या-पांढऱ्यानंतर ताटात उरलेली शिजलेली हाडं घशात नाहीतर आतड्यात टोचतात.

ज्यांना पलंगच नाही त्यांचं काय? रस्त्यावरची कुत्री हद्द सोडून पळतात, दुसऱ्या पेठेत शिरतात आणि तिथल्या मंडळींकडून मार खातात. या बाबतीत त्यांची रीत पेठांतल्या माणसांहून फार वेगळी नाही. शेपटीला लवंगीची माळ बांधणारं पोरगं दरवर्षी कुठंतरी निघतंच. तो गुन्हा आहे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. बॉम्बचा बॉक्स त्याहून महाग येतो. आणि ही माया आटलेल्या लोकांची भूमी आहे असंही नाही. नांदणी मठाची महादेवी हत्तीण गुजरातेत नेली, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये याच जिल्ह्यातली माणसं हजारोंनी नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत चालत आली. हत्तिणीसाठी पायपीट करणाऱ्यांना कुत्र्यासाठी रात्री दहाला माळ थांबवणं अशक्य नसावं. तमिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यातल्या वेट्टंगुडी पक्षी अभयारण्याभोवतीची गावं तर पाखरांची घरटी उधळू नयेत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीत फटाके वाजवत नाहीत. नागपूरच्या ‘नीरी’नं काढलेल्या हरित फटाक्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. तो धूर कमी करतो; मुका नसतो.

राहता राहिला प्रश्न तालमीला मुहूर्त कुठला धरायचा याचा. पंचांग चाळत गेलं तर एकच फट सापडते: आषाढ. लग्नं आटपलेली, फुटबॉल बंद, गणपती अजून मूर्तिकारांकडंच, वळवाचा गडगडाट संपून नुसती संततधार लागलेली. अशा वेळी टायगरला मधल्या खोलीत घेऊन मोबाइलवर बारीक आवाजात दिवाळी लावायची. तुकड्यांचीही चिंता नाही, आखाडाचं मटण घरोघरी असतंच. फक्त फोडणीला टाकायच्या आधी, चटणी पडायच्या आत, चार तुकडे नुसत्या पाण्यात शिजवून बाजूला काढायला लागतात, आणि तिथं घराघरांत तंटा सुरू होतो.

“कुत्र्याला बिनहाडाचं?” आजोबा ताटावरून विचारतात. “आणि मला नळी?”